स्पीडवे मोटारसायकल

सैल मातीच्या वा बारीक खडीच्या लंबगोल धावमार्गावरील शर्यतींसाठी बनविलेली हलकी मोटारसायकल. तिला गतिरोधक (ब्रेक) नसतात व गिअर एकच असतो; वळणावर मागील चाक बाजूस घसरू देऊन ती वळवितात. सामान्यतः चार स्वार घड्याळाच्या उलट दिशेने चार फेऱ्या घेतात. ऑस्ट्रेलियातील वेस्ट मेटलंड येथे १९२३ मध्ये झालेल्या शर्यतींपासून हा खेळ रूढ झाला. इंग्लंडमध्ये १९२८ मधील हाय बीचच्या शर्यतीनंतर तो लोकप्रिय झाला. पहिली जागतिक अजिंक्यपदाची अंतिम स्पर्धा १९३६ मध्ये वेंब्ली येथे झाली.

प्रारंभी डग्लस व रज, तर १९३० नंतर ‘जॅप’ एंजिनाच्या (एक सिलिंडर, ५०० घ. सेंमी.) गाड्या प्रचारात होत्या. पुढे चेकोस्लोव्हाकियातील एसो ही गाडी पुढे आली. हा कारखाना १९६४ मध्ये जावा उद्योगात विलीन झाला. इराणी आडनावाच्या उद्योजकांच्या आयडियल जावा कंपनीने म्हैसूर येथे १९६१ पासून जावा गाड्या बनविल्या. त्या मात्र रस्त्यावर चालविण्याच्या, द्विधाव एंजिनाच्या होत्या.

जुन्या गाड्यांचे पुनरुज्जीवन जिकिरीचे असते. इंधन म्हणून वापरलेले मिथेनॉल पाणी शोषते व त्यामुळे कार्ब्युरेटर गंजतो; एरंडेल तेलाचा चिकट थर साचतो; मॅग्नेटोचे चुंबकत्व क्षीण होते. शर्यतींच्या काळात एंजिने व चौकटी वरचेवर बदलल्या जात असल्याने मूळ जोडी क्वचितच आढळते. म्हणून क्रमांक व जुनी छायाचित्रे ताडून पाहणे आवश्यक ठरते. सरसकट नवा मुलामा चढविल्यास गाडी चकचकीत दिसते. परंतु डाग, पोचे व डागडुजी यांतून मिळणारी तिच्या इतिहासाची साक्ष कायमची पुसली जाते.