विंचवाचे बिऱ्हाड आणि रेल्वेची वाघीण

महाराष्ट्राबाहेरील मराठी माणसाचा इतिहास आजवर प्रामुख्याने दोन अंगांनी लिहिला गेला. एक, मोहिमांचा आणि संस्थानांचा; दुसरा, गणेशोत्सव, नाट्यप्रयोग, शाळा आणि वाचनालये यांचा. या दोहोंच्या मध्ये एक तिसरा इतिहास दडलेला आहे. त्याची बखर कोणी लिहिली नाही. तो आहे सामानाचा इतिहास. शेकडो कोसांवरील अनोळखी गावी जाणाऱ्या कुटुंबाने बरोबर काय नेले, काय विकले, काय आप्तांच्या माळ्यावर ठेवले आणि ते ठरविताना कोणता हिशेब केला, हा प्रश्न वरवर घरगुती वाटतो. वस्तुतः परमुलखातील मराठी घराला जे रूप आले, ते पुष्कळ अंशी या हिशेबातूनच आले आहे.

हिशेबाचे पर्याय कोणत्याही काळी चारच होते. सामान सोबत न्यावे, मागाहून मागवावे, विकून नव्या गावी नवे घ्यावे, अथवा मुळातच थोडक्यात संसार करावा. यांपैकी स्वस्त कोणता, हे त्या त्या काळच्या वाहनाने ठरविले.

अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या आरंभी शिंदे, होळकर, गायकवाड, पवार यांच्यामागोमाग कारकून, वैद्य, पुराणिक, कारागीर अशी कितीतरी कुटुंबे उत्तरेकडे गेली. पुणे ते ग्वाल्हेर हे अंतर आजच्या मोजणीने सुमारे अकराशे किलोमीटर आहे. बैलगाडीची चाल दिवसाकाठी पाच-सहा कोस धरली, तरी प्रवासालाच दोन महिने हवेत. पाऊस संपून वाटा सुकल्याखेरीज निघणे शक्य नसे. शिवाय बैलांचा चारा, गाडीवानाचे पोट आणि वाटेवरील चोरांपासून राखण करणाऱ्यांची मजुरी हा सर्व खर्च दिवसागणिक वाढे. अशा स्थितीत जात्याचे दगड किंवा लाकडी पलंग कोण वाहून नेणार? तांब्यापितळेची भांडी मात्र जात. कारण ती फुटत नसत आणि अडीअडचणीला मोडीच्या भावाने का होईना, विकता येत. पैसा हुंडीच्या रूपाने पुढे जाई. कागदाला वजन नसते, हे सावकारांना रेल्वेच्या कितीतरी आधी ठाऊक होते.

याच काळातील एक मोठे मराठी स्थलांतर एका पराभवातून घडले. जून १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने माल्कमच्या स्वाधीन होऊन सालिना आठ लाख रुपयांचे निवृत्तिवेतन स्वीकारले आणि तो कानपूरजवळच्या ब्रह्मावर्तास कायमचा राहावयास गेला. त्याच्याबरोबर आणि त्याच्यामागून मोठा आश्रित परिवार तेथे जमला. त्याचा धाकटा भाऊ चिमाजी अप्पा काशीस गेला. पेशव्याला खर्चाची विवंचना नव्हती. त्याच्या आश्रितांना ती असणारच. तरीही तेथे मराठी पद्धतीची घरे उभी राहिली, ती सामान नेल्यामुळे नव्हे. सामान करणारी आणि वापरणारी माणसे एकत्र गेल्यामुळे. पुढील सर्व कथेचे सूत्र येथेच सापडते.

त्या काळी वाटेत वस्तूंचे काय होई, याची साक्ष विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या प्रवासवर्णनातून मिळते. वरसईहून १८५७ साली द्रव्यार्जनासाठी उत्तरेकडे निघालेला हा भिक्षुक बंडाच्या धामधुमीत सापडला आणि लुटला गेला. परतताना त्याने आईवडिलांसाठी गंगोदकाची कावड मात्र खांद्यावरून घरी आणली. पाणी ही भाड्याच्या हिशेबात सर्वांत न परवडणारी वस्तू. जड, पातळ आणि बाजारात किंमत नसलेली. पण कोणते ओझे वाहावयाचे, हे केवळ बाजार ठरवीत नाही.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. भोरघाट १८६३ साली आणि थळघाट १८६५ साली ओलांडला गेला. १८७० साली जबलपूर येथे मुंबईकडील व कलकत्त्याकडील लोहमार्ग जोडले गेले. महिन्यांचा प्रवास दिवसांवर आला. त्याबरोबर बिऱ्हाड हलविण्याचे गणितही पालटले. डब्यात जे नेता येईल ते पेटी-वळकटीत, थोडे जास्त असल्यास ब्रेकव्हॅनमध्ये, त्याहून जास्त असल्यास पार्सल किंवा मालगाडीने. आणि ज्याला परवडेल त्याने अख्खी वाघीण घ्यावी, अशी एक उतरंडच तयार झाली. मालगाडीचा दर सर्वांत कमी असे. त्यातही माल रेल्वेच्या जोखमीवर पाठविला तर भाडे अधिक, मालकाच्या जोखमीवर पाठविला तर कमी. बेताच्या मिळकतीची माणसे साहजिकच दुसरा पर्याय निवडीत आणि देवाचे नाव घेऊन रसीद खिशात घालीत.

परंतु कमी दर म्हणजे कमी खर्च नव्हे, हा धडा रेल्वेनेच शिकविला. घरापासून हातगाडीवर, हातगाडीवरून मालधक्क्यावर, तेथून वाघिणीत, पोहोचल्यावर पुन्हा धक्क्यावर आणि तेथून टांग्यात किंवा हातगाडीवर, अशी सामानाची किमान पाच-सहा वेळा उचलठेव होई. प्रत्येक उचलठेवीला हमाली आणि प्रत्येक वेळी आपटण्याची शक्यता. म्हणून खोकी, पेंढा, गोणपाट, सुतळी यांचा खर्च आला. माल वेळेत सोडवून घेतला नाही, तर पडून राहिल्याचे शुल्क निराळे. लोक त्याला सरसकट डेमरेज म्हणत. माणसे पुढे पोहोचून सामानाची वाट पाहत बसत, तेवढे दिवस स्वयंपाकाला पातेलेही नसे.

यात भर पडली ती रुळांच्या रुंदीची. मुख्य मार्ग ब्रॉडगेज, म्हणजे १६७६ मिलिमीटर रुंदीचे होते. पण १८७० नंतर खर्च वाचविण्यासाठी अनेक ठिकाणी मीटरगेज घातले गेले. मुंबई-पुण्याकडून इंदूरला जाणाऱ्याचे सामान खांडव्याला, तर निजामाच्या हैदराबादेस मनमाडवरून जाणाऱ्याचे मनमाडला एका वाघिणीतून काढून दुसरीत भरावे लागे. बरण्या, आरसे, कपाटाच्या काचा आणि हार्मोनियमचे भाते यांच्या दृष्टीने ही स्थानके म्हणजे अग्निदिव्यच. मनमाडचा हा मार्ग १९९० च्या दशकात रुंद झाला. तोवर कित्येक पिढ्यांनी आपले संसार तेथे दोनदा उचलले.

सरकारी नोकराचे स्थलांतर हे या इतिहासातील स्वतंत्र प्रकरण आहे. १८६४ पासून हिंदुस्थान सरकारची कचेरी दर उन्हाळ्यात सिमल्याला हलू लागली. कालका-सिमला रेल्वे १९०३ साली झाली. तोवर दप्तरे आणि कारकुनांची चंबूगबाळी तो डोंगर टांग्यांनी व बैलगाड्यांनीच चढत. १२ डिसेंबर १९११ रोजी राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस नेण्याची घोषणा झाली. घोषणेस एक भाषण पुरले. नवी दिल्लीचे विधिपूर्वक उद्घाटन व्हावयास मात्र फेब्रुवारी १९३१ उजाडला. मधल्या काळात तात्पुरत्या कचेऱ्या आणि तात्पुरत्या वसाहती यांतच नोकरवर्गाचे संसार झाले. साम्राज्याचे बिऱ्हाड हलवायला वीस वर्षे लागतात, तर एका कारकुनाला आठ दिवसांच्या हजेरीमुदतीत ते कसे जमावे?

आपल्या लोकांच्या दृष्टीने याहून जिव्हाळ्याची घटना १ नोव्हेंबर १९५६ ची. त्या दिवशी नवे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले आणि त्याची राजधानी भोपाळ झाली. नागपूर जुन्या मध्य प्रदेशची राजधानी होते; ते विदर्भासह द्विभाषिक मुंबई राज्यात गेले. नागपूरच्या सचिवालयातील आणि इतर खात्यांतील अनेक कर्मचाऱ्यांच्या वाट्याला भोपाळ आले. ग्वाल्हेर-इंदूरकडील मराठी नोकरदारही तेथे पोहोचले. नागपूर ते भोपाळ हे रेल्वेचे अंतर सुमारे ३९० किलोमीटर, सरळ ब्रॉडगेजचे. भाड्याच्या दृष्टीने हे स्थलांतर कठीण नव्हते. कठीण होता तो निर्णय. बदली असती तर तीन-चार वर्षांनी परतण्याची आशा धरून निम्मे सामान मागे ठेवता आले असते. येथे माणूस तोच, नोकरी तीच; राज्य मात्र दुसरे झाले होते. जाते, उखळ, सागवानी झोपाळा, वडिलांची आरामखुर्ची यांपैकी जे मागे ठेवले, ते कायमचेच मागे राहणार होते. किती सामान न्यावे याचा हिशेब खरे पाहता आपण कुठले राहणार याचा हिशेब असतो, हे त्या पिढीने फार लवकर ओळखले.

यानंतर रस्त्याचा काळ आला. १९३९ च्या मोटारवाहन कायद्याखाली मालमोटारीला परप्रांतात जाण्यासाठी परवान्याच्या अनेक अडचणी होत्या. १९७५ साली राष्ट्रीय परवान्याची योजना सुरू झाली आणि ट्रक सहजपणे राज्यांच्या सीमा ओलांडू लागला. याच सुमारास रेल्वेचे लक्ष संपूर्ण गाडीभर कोळसा, धान्य, सिमेंट अशा मालाकडे वळत गेले. किरकोळ मालाला तेथे पूर्वीचा आदर उरला नाही. ट्रकचा दर रेल्वेहून चढा असे, पण सामान एकदा दारात चढे ते दुसऱ्या दारातच उतरे. पाच-सहा उचलठेवींऐवजी दोनच. फुटतूट, पेंढा, हमाली आणि खोळंबा हे सर्व जमेस धरले, तर महाग वाहन पुष्कळदा स्वस्त ठरे. शिवाय परतीच्या ट्रकचा लाभ होता. नागपूरची संत्री घेऊन उत्तरेस गेलेला ट्रक रिकामा परतण्यापेक्षा थोडक्या भाड्यात कोणाचाही संसार आणण्यास तयार असे. म्हणूनच एकाच दोन गावांमध्ये जाण्याचे भाडे आणि येण्याचे भाडे सारखे नसते. बाजारपेठेत जाऊन ट्रकवाल्यांशी बोलणारा गृहस्थ ही गोष्ट चटकन ओळखी. घरबसल्या भाव विचारणाऱ्याला ती क्वचितच कळे.

सरकारने ही वाहतूक आपल्या खर्चात धरली आहे, हे खरे. परंतु तीतही पायऱ्या आहेत. सातव्या वेतन आयोगानंतर जुलै २०१७ मध्ये निघालेल्या आदेशानुसार वेतनस्तर ६ व त्यावरील कर्मचाऱ्यांना रेल्वेने ६००० किलो, स्तर ५ ला ३००० किलो आणि स्तर ४ व त्याखालील कर्मचाऱ्यांना १५०० किलो सामानाची मर्यादा होती. रस्त्याने नेल्यास कमाल दर अनुक्रमे ५०, २५ आणि १५ रुपये प्रति किलोमीटर. नागपूर ते दिल्ली हे अंतर अकराशे किलोमीटर धरले, तर अधिकाऱ्याला या दराने ५५,००० रुपयांपर्यंत आणि कनिष्ठ कर्मचाऱ्याला १६,५०० रुपयांपर्यंत भरपाई मिळू शकत होती. अधिकाऱ्याची खुर्ची मोठी, म्हणून त्याचे सामान अधिक, हा तर्क समजण्याजोगा आहे. पण ट्रकचा मालक वेतनस्तर विचारीत नाही आणि डिझेलही पद पाहून जळत नाही. त्यामुळे कनिष्ठ कर्मचाऱ्याला दुसऱ्या कुटुंबाबरोबर ट्रक वाटून घेणे, परतीच्या ट्रकची वाट पाहणे किंवा कपाट-पलंग विकून टाकणे यांतूनच निवड करावी लागते. पन्नाशी ओलांडताना आणि चार शहरे पाहिल्यावर माझे असे मत झाले आहे की, बदलीचा खरा भार या खालच्या पायऱ्यांवर पडतो.

लष्कराने या प्रश्नाचे निराळे उत्तर शोधले. अधिकाऱ्याला फर्निचर तेथेच भाड्याने मिळावे आणि त्याने नाव रंगविलेल्या काळ्या पेट्या तेवढ्या हलवाव्यात. आज शहरांतून फर्निचर भाड्याने देणाऱ्या संस्था निघाल्या, हा त्याच युक्तीचा नागरी अवतार. १९८८ साली स्थापन झालेल्या कंटेनर कॉर्पोरेशनमुळे रेल्वेवरचा बंद कंटेनरही उपलब्ध झाला. सुवर्ण चतुष्कोनाचे ५,८४६ किलोमीटर रस्ते झाले आणि जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर राज्यसीमेवरील करनाकी उठली. वाहतूक सुलभ झाली; तरी चार पर्याय अजून तेच आहेत.

या सर्व हिशेबात एक वस्तू मात्र नेहमी अडचणीची ठरली, ती म्हणजे पुस्तके. आकाराने लहान, वजनाने भारी आणि रद्दीत कवडीमोल. टपालखात्याच्या सवलतीच्या दराने ती पाठविता येत. नोंदणीकृत छापील पुस्तकांची ती सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. म्हणून बदलीचा हुकूम आला की पुस्तके जवळच्या मराठी मंडळाला देण्याची रीत पडली. जडपणामुळे मागे राहणारी दुसरी वस्तू म्हणजे मोठी भांडी: पंगतीचे पातेले, मोठी परात, सतरंज्या, समया. त्याही मंडळाच्या कोठीत आल्या. एका घराला जे वाहून नेणे परवडत नव्हते, ते सर्वांच्या मालकीचे झाले. ज्या ओझ्याने एकेक कुटुंब वाकले असते, ते गावोगावच्या मंडळांनी उचलले. ब्रह्मावर्ताचे सूत्र ते हेच.

आपल्या मंडळाने पन्नास वर्षे पुरी केली. या निमित्ताने एक सूचना करावीशी वाटते. कपाटातील जुन्या पुस्तकांच्या पहिल्या पानांवर देणाऱ्याचे गाव आणि सन पुष्कळदा लिहिलेले असते. कोठीतील भांड्यांवरही नावे कोरलेली असतात. त्यांची एक नोंदवही व्हावी. तसेच नव्याने आलेल्या कुटुंबाचे सामान पोहोचेपर्यंत त्याला एक पातेले, तवा, चार ताटे आणि दोन गाद्या उसन्या देण्याची सोय मंडळाने करावी. ट्रकला उशीर झाला तरी त्या घरात पहिल्या संध्याकाळी वरणभात शिजेल. एक्कावन्नाव्या वर्षाच्या कार्यक्रमपत्रिकेत या लहानशा कामाला स्थान मिळावे, अशी विनंती आहे.