जुनी पॅकेजेस काढताना मराठी-कन्नड फाँट सांभाळा

जांबोटी : विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुना संगणक टाकून न देता त्यावर उबुंटू किंवा डेबियन बसवणे हा एक बिनखर्चाचा पर्याय आहे. सी-डॅकची 'बॉस' प्रणालीही डेबियनवरच बेतलेली आहे. या तिन्हींत सॉफ्टवेअर बसवणे-काढणे 'एपीटी' या पॅकेज मॅनेजरने होते. काळ्या खिडकीत, म्हणजे टर्मिनलमध्ये, आज्ञा टंकायची. (खाली उच्चार दिले आहेत, टंकताना इंग्रजी अक्षरेच वापरावीत.)

आधी 'सुडो एपीटी अपडेट' आणि मग 'सुडो एपीटी अपग्रेड'. पहिली आज्ञा फक्त यादी ताजी करते, दुसरी जुन्या आवृत्त्या बदलते. पुष्कळ जण पहिलीवरच थांबतात आणि अपडेट झाले असे समजतात.

अपग्रेडनंतर जुने कर्नल मागे उरतात. एकेक कर्नल काहीशे एमबी जागा अडवतो. ते 'सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह'ने निघतात. चालू कर्नल एपीटी राखून ठेवते. उतरवलेल्या फायलींसाठी 'क्लीन' आणि 'ऑटोक्लीन' अशा दोन आज्ञा आहेत. 'क्लीन' सगळेच पुसते. 'ऑटोक्लीन' मात्र सर्व्हरवर आता मिळत नाहीत अशाच फायली काढते. जांबोटी-कणकुंबीच्या जंगलपट्ट्यात रेंज गेली की तीच फाईल पुन्हा उतरवणे जिवावर येते, तेव्हा इथे 'ऑटोक्लीन'च बरे.

खरा धोका पुढे आहे. सीमाभागात एकाच संगणकावर कन्नडमधला जमिनीचा उतारा उघडायचा असतो आणि मराठीत अर्जही लिहायचा असतो. भारतीय लिप्यांचे फाँट 'फाँट्स-इंडिक' या एका पॅकेजला बांधलेले असतात. त्यातले 'लोहित' फाँट रेड हॅट कंपनीच्या पुढाकाराने आले. लोहित म्हणजे तांबडा, नाव त्यावरूनच. आता कुणी म्हणाले, "तमिळ, बंगाली आपल्याला कशाला?" आणि तमिळ फाँट काढला, तर त्यावर अवलंबून असलेले 'फाँट्स-इंडिक'ही जाते. मग देवनागरी आणि कन्नड फाँट एपीटीच्या हिशेबी बेवारस ठरतात आणि पुढच्या 'ऑटोरिमूव्ह'मध्ये निघतात. दुसरा फाँट नसेल तर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसतात. एपीटी काढायची यादी आधी दाखवते, 'वाय' की 'एन' असेही विचारते, पण वाचतो कोण?

म्हणून आधी 'सुडो एपीटी-मार्क मॅन्युअल' लिहून पुढे दोन पॅकेजांची नावे द्यावीत : 'फाँट्स-' नंतर देवनागरीसाठी डी-ई-व्ही-ए, कन्नडसाठी के-एन-डी-ए. ही दोन्ही मग बेवारस धरली जात नाहीत. शिवाय 'एपीटी ऑटोरिमूव्ह'पुढे 'डॅश एस' जोडले की काहीही न काढता नुसती रंगीत तालीम होते.

आवृत्तीच मुदतबाह्य असेल तर ही साफसफाई पुरत नाही. उबुंटू २०.०४ चा नियमित सपोर्ट २०२५ च्या मे महिन्यात संपला. तिथे नवी आवृत्तीच घ्यावी लागते.

आणि चौकोन दिसू लागलेच असतील, तर 'सुडो एपीटी इन्स्टॉल फाँट्स-इंडिक' चालवून संगणक एकदा बंद करून सुरू करावा.