उच्च रक्तदाबाचे शरीरावरील परिणाम

धमन्यांतील रक्ताचा दाब सातत्याने १४०/९० मिमी. (पारा) किंवा त्याहून अधिक राहिल्यास त्यास सामान्यतः उच्च रक्तदाब म्हणतात. बहुतेकांना तो जाणवतच नाही. ‘मला काही त्रास नाही’ या म्हणण्याला म्हणूनच निदानात फारसे वजन नाही.

जादा दाबाविरुद्ध रक्त ढकलताना हृदयाच्या डाव्या निलयाची भिंत जाड होते व कालांतराने हृदय अपुरे पडू लागते. मेंदूतील धमनी फुटली वा तुंबली, की पक्षाघात होतो. मूत्रपिंडे हळूहळू निकामी होतात आणि त्यामुळे दाब आणखी चढतो. डोळ्याच्या दृष्टिपटलावर मात्र ही हानी थेट पाहता येते : धमनिका अरुंद झालेल्या, शिरांना ओलांडताना त्यांना दाबणाऱ्या आणि आजार तीव्र असल्यास आसपास रक्तस्राव.

अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँक्लिन रूझवेल्ट यांचे उदाहरण बोलके आहे. मार्च १९४४ मध्ये हृदयतज्ज्ञ हॉवर्ड ब्रून यांना त्यांचा दाब १८६/१०८ व हृदय मोठे झालेले आढळले. उपाय तुटपुंजे : डिजिटॅलिस, विश्रांती, कमी मीठ, कमी सिगारेटी. १२ एप्रिल १९४५ रोजी वॉर्म स्प्रिंग्ज येथे तीव्र डोकेदुखीची तक्रार करून ते कोसळले. दाब ३००/१९० च्या घरात गेला होता. मेंदूतील रक्तस्रावाने त्याच दिवशी त्यांचे निधन झाले. दाब चढणे हा वयाचाच भाग, असे तेव्हा अनेक डॉक्टरही मानत. १९४८ मध्ये फ्रेमिंगहॅम येथे ५,२०९ जणांवर सुरू झालेल्या दीर्घकालीन पाहणीने तो समज मोडीत काढला.