जालहळ्ळीच्या काचा आणि सुभेदार साहेबांचा रेडिओ

बेंगळुरूला पोस्टिंग म्हटलं की फौजी माणसाच्या डोळ्यांसमोर एमईजी, एएससी सेंटर आणि इथली हवा येते. मी मात्र वाचकांना आज शहराच्या उत्तरेला जालहळ्ळीला नेणार आहे. आपल्या सैन्याच्या वायरलेसचा बराच इतिहास तिथे घडला आहे.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा आपल्याकडची वायरलेस सामग्री बहुतांशी दुसऱ्या महायुद्धातून उरलेली होती. रणगाड्यांतला १९ नंबरचा सेट जुन्या सिग्नलवाल्यांना आठवत असेल. कॅनडात बनलेल्या या सेटांच्या दर्शनी पट्टीवर इंग्रजीच्या जोडीला रशियन अक्षरं असत, कारण तेच सेट सोव्हिएत फौजेलाही पुरवले जात होते. असे सेट चालवता येत होते, पण आतला व्हॉल्व्ह गेला की परदेशाकडे बघावं लागे.

१९५४ साली संरक्षण मंत्रालयाने जालहळ्ळीला भारत इलेक्ट्रॉनिक्स, म्हणजे बीईएल, सुरू केली. फ्रान्सच्या सीएसएफ कंपनीचं तांत्रिक साहाय्य होतं. बेंगळुरूत विज्ञान संस्था १९०९ पासून, विमान कारखाना १९४० पासून आणि टेलिफोन कारखाना १९४८ पासून होता. शिवाय शहर सीमेपासून लांब. १९५६ मध्ये दळणवळणाची उपकरणं बनू लागली आणि १९६१ मध्ये रेडिओचे व्हॉल्व्ह. गंमत अशी की तोवर ट्रान्झिस्टरचा शोध लागून चौदा वर्षं झाली होती, आणि पुढच्याच वर्षी बीईएलने जर्मेनियमचे अर्धवाहकही बनवायला घेतले. तरीही व्हॉल्व्ह लागतच होते, कारण चौकीतला सेट, आकाशवाणीचं प्रक्षेपण आणि घरातला रेडिओ, सगळं त्यांच्यावरच चालत होतं.

घरातल्या रेडिओचीही एक शिस्त होती. पोस्टातून लायसन्स काढायचं, दरवर्षी त्याचं नूतनीकरण करायचं. आपल्या ठाण्याच्या कारखान्यातला मर्फी आणि त्याच्या जाहिरातीतलं गोबऱ्या गालांचं बाळ अनेकांना आठवत असेल. १९५२ साली बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी आटली. लोकांनी काटा रेडिओ सिलोनकडे फिरवला. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती आली. तिच्यावरचा फौजी भाइयोंसाठीचा ‘जयमाला’ कार्यक्रम ऐकला नाही असा त्या पिढीतला जवान सापडणं कठीण.

अशाच एका घरातला रेडिओ गेल्या वर्षी माझ्या टेबलावर आला. मालक मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले, कराडकडचे सुभेदार साहेब. त्यांचा मुलगा बेंगळुरूत नोकरीला असतो. रेडिओ साहेबांच्या वडिलांचा, तेही फौजीच. १९६५च्या लढाईनंतर सुट्टीवर आले तेव्हा घेतलेला. गावाकडच्या माळ्यावर तो तीस वर्षं पडून होता. “सर, सोळा डिसेंबरच्या आत बोलला तर बरं होईल,” एवढंच त्यांचं मागणं.

मी त्यांना पहिली गोष्ट सांगितली ती अशी: “साहेब, मी सांगेपर्यंत याची पिन भिंतीत घालायची नाही.” शस्त्र हातात आलं की ते भरलेलं आहे असं धरूनच आपण तपासतो. इथेही तोच नियम लागू होतो.

मागचा पुठ्ठा काढल्यावर दिसलं की मेन्सचा ट्रान्सफॉर्मरच नाही. तो एसी-डीसी जातीचा सेट होता. त्या काळी कोलकात्यासारख्या शहरांत काही भागांना डीसी वीज मिळत असे, म्हणून दोन्हींवर चालणारे सेट बनत. त्यांत व्हॉल्व्हचे फिलामेंट दिवाळीच्या माळेसारखे एकामागे एक जोडलेले असतात. त्यामुळे एक गेला की सगळे विझतात. खरा धोका वेगळा आहे: मेन्सची एक तार थेट चॅसिसला जोडलेली असते. दोन पायांची पिन उलटी बसली की चॅसिसच्या पत्र्यावर २३० व्होल्ट येतात. बटणांच्या आतल्या स्क्रूवर कारखान्यात मेण भरत ते यासाठीच. बटण निखळलं आणि नातवाने उघड्या दांडीला हात लावला तर काय, हा विचार करूनच पुढे जायचं. अशा सेटवर काम करताना आणि नंतर तो वापरतानाही आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवाच.

मग क्रमाने गेलो. मेन्सची वायर हातात तुकडे होत होती, ती बदलली आणि फ्यूज घातला. व्हॉल्व्हच्या काचेत चांदीसारखा डाग असतो. तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली, तो व्हॉल्व्ह गेला. पाचांपैकी एकच तसा निघाला. जुना माल ठेवणाऱ्या एस. पी. रोडच्या एका दुकानात त्याचा जोडीदार मिळाला, काचेवर बीईएलची खूण असलेला.

सगळ्यात महत्त्वाचे कपॅसिटर. कागदाचे, मेण लावलेले कपॅसिटर वर्षानुवर्षांच्या दमटपणाने गळू लागतात. आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला जोडलेला कपॅसिटर गळला तर ग्रिडवर धन दाब जातो, व्हॉल्व्ह लालबुंद होतो आणि पाठोपाठ आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. बरेच जुने रेडिओ “बघू चालतो का” म्हणून लावलेल्या पहिल्या पाच मिनिटांत मरतात ते असे. हे सगळे कपॅसिटर ६३० व्होल्टचे नवे बसवले. फिल्टरचे मोठे कपॅसिटर मूळ मूल्याचेच घेतले. जास्त मोठे घातले तर रेक्टिफायर व्हॉल्व्हवर ताण येतो. जुनी पत्र्याची डबी तशीच ठेवून नवे आत लपवले, कारण वडिलांनी पाहिलेला रेडिओ आतूनही तसाच दिसावा, अशी साहेबांची इच्छा होती.

पिन काढल्यावरही या कपॅसिटरमध्ये प्रभार उरतो. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडू नका. काही किलोओमचा रेझिस्टर इन्सुलेटेड पकडीने लावून तो उतरवा आणि मग मीटरने खात्री करा. चालू सेटवर मोजमाप करताना एक हात पाठीमागे ठेवा, आणि एकट्याने काम करू नका.

पहिल्यांदा वीज दिली ती सिरीजमध्ये जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब लावून. बल्ब पूर्ण पेटला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करायचं. तो मंदच राहिला. अर्ध्या मिनिटाने आवाज फुटला: ६१२ किलोहर्ट्झ, बेंगळुरू आकाशवाणी, कन्नड बातम्या. एलईडी दिव्यांची खरखर होतीच.

पुठ्ठा परत घट्ट बसवून रेडिओ साहेबांकडे गेला, तो डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. सोळा तारखेचा हट्ट का, हे त्यांनी तेव्हा सांगितलं. १९७१ मध्ये ते पूर्वेच्या आघाडीवर शिपाई होते आणि घरचे याच पेटीसमोर बसून असत. त्याच दिवसांत माणेकशॉ साहेबांची शरण येण्याची आवाहनं आकाशवाणीवरून पाकिस्तानी सैनिकांना ऐकवली जात होती. मुलगा लढत होता ती आघाडी आणि वडील ऐकत होते ती बातमी, यांच्यामध्ये एवढीच काच होती.

आपल्यापैकी कुणाच्या माळ्यावर असा रेडिओ असेल तर कृपया तो थेट लावून पाहू नका. जाणत्या माणसाकडून आधी कपॅसिटर आणि चॅसिस तपासून घ्या. आणि तो कुणी, कधी, कुठल्या सुट्टीत आणला, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून आजच लिहून ठेवा.

जय हिंद.