आष्टीचा सेनापती, बेटांचा गव्हर्नर

मराठेशाहीच्या अखेरच्या पर्वात जनरल लायोनेल स्मिथ हे नाव ठळकपणे येते. नोव्हेंबर १८१७ मध्ये येरवड्याच्या लढाईनंतर त्याने पुणे घेतले. २० फेब्रुवारी १८१८ रोजी सोलापूर जिल्ह्यातील आष्टी येथे त्याच्या घोडदळाशी लढताना बापू गोखले धारातीर्थी पडले. कोल्हापूरच्या गादीचे भाऊबंद असलेले साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले तेही त्याच दिवशी. कसबा बावड्यात बसून इतिहास वाचणाऱ्या आम्हां मंडळींच्या लेखी स्मिथची कथा येथेच संपते.

वस्तुतः तिचा अधिक अवघड भाग पुढेच आहे. १८३३ मध्ये स्मिथ बार्बाडोसचा गव्हर्नर झाला. १ ऑगस्ट १८३४ रोजी गुलामगिरी कायद्याने संपली ती त्याच्याच अमलात. भरपाईचे दोन कोटी पौंड मात्र वसाहतींतील गुलामांच्या मालकांना मिळाले. मुक्त झालेल्यांच्या वाट्याला 'उमेदवारी'च्या नावाखाली सक्तीची मजुरी आली. जमैकात ती उमेदवारी १ ऑगस्ट १८३८ रोजी संपली, तेव्हा स्मिथ तेथे गव्हर्नर होता. मजुरांची बाजू घेतो म्हणून मळेवाल्यांच्या विधिमंडळाने त्याच्याशी उभे वैर धरले आणि १८३९ मध्ये त्याला जमैका सोडावे लागले.

इंग्रजी साहित्याच्या अभ्यासकांना त्याची आई, कवयित्री व कादंबरीकार शार्लट स्मिथ, परिचित आहे. तिच्या सासऱ्याचे बार्बाडोसमध्ये गुलामांच्या श्रमावर चालणारे मळे होते. त्याच्या मृत्युपत्रावरील खटला १८१३ पर्यंत रेंगाळला आणि मुले पोसण्यासाठी ती आयुष्यभर लिहीत राहिली. ज्या बेटावरील मिळकतीसाठी आई झगडली, त्याच बेटावर मुलगा गव्हर्नर म्हणून गेला.

मग त्याला मुक्तिदाता म्हणावे काय? आम्हांला तसे वाटत नाही. स्वातंत्र्यामागे १८३१ च्या नाताळात सॅम शार्पच्या नेतृत्वाखाली उठलेले जमैकाचे गुलामच होते. आष्टीत काय किंवा जमैकात काय, स्मिथ साम्राज्याचा हुकूमच बजावत होता. तरीही मळेवाल्यांचा रोष त्याने पत्करला, हे श्रेय नाकारता येत नाही.

१८४० मध्ये तो मॉरिशसला गेला आणि जानेवारी १८४२ मध्ये तेथेच वारला. गुलामांच्या जागी त्या बेटावर १८३४ पासून हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेले जात होते. त्यांत पुढे मराठी माणसेही होती. आष्टीच्या सेनापतीची कहाणी अशी आपल्याच माणसांपाशी येऊन थांबते. ती तिथवर वाचली पाहिजे.