शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्याचे नाव

श्रींच्या मंदिराच्या जीर्णोद्धारानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत गावाकडच्या जुन्या गोष्टींवर चार शब्द लिहावेत, असे मंडळींनी सुचविले. आमच्या लहानपणी गणित चुकले की “जा, शेळ्या राख” असे ऐकावे लागे. ज्या धंद्याला असे हिणविले जाई, त्याचे नाव कसे पडले ते पाहू.

गुरे राखणारा तो गुराखी. ‘गुरू’ किंवा ‘गोरू’ हा शब्द संस्कृत ‘गोरूप’ यावरून आला आणि ‘राखणे’ हे ‘रक्ष’ या धातूवरून. शेळीचे कूळ ‘छागल’ या शब्दाशी लागते. छुरिकेची सुरी झाली, छायेची सावली झाली, तसाच येथेही ‘छ’ पालटला. कळपात शेळ्या व मेंढ्या एकत्रच हिंडतात, म्हणून त्यांच्यामागच्या माणसाला आपण मेंढका, मेंढपाळ किंवा धनगर म्हणतो.

धनगर या शब्दाची फोड बहुतेकजण ‘धन’ अशी करतात. पूर्वी जनावर हेच धन होते. गोधन हा शब्द आजही आहे. कोणी ‘धेनू’वरूनही तो आणतात. मला मात्र कानडीची वाट अधिक पटते. कानडीत ‘दन’ म्हणजे गुरेढोरे, आणि ‘गार’ हा करणाऱ्याचा प्रत्यय. गाणाऱ्याला तिकडे ‘हाडुगार’ म्हणतात. आपला बिरोबाही कर्नाटकातील कुरुबांचा बीरप्पा होय. देव दोन्हीकडे एकच, मग शब्दाचे नाते असल्यास नवल काय?

या लोकांच्या बोलीत कितीतरी जुने शब्द टिकून आहेत. मुक्कामाला वाडा म्हणतात. रात्री कळपाभोवती लावायच्या जाळीला वाघूर म्हणतात. वाघापासून राखते म्हणून वाघूर, असे पुष्कळांना वाटते. पण संस्कृतात ‘वागुरा’ म्हणजेच जाळे. आपल्या कमी पावसाच्या मुलुखातील वाडे दिवाळीनंतर कोकणाकडे उतरत व पावसाळ्याच्या तोंडी परतत. वाटेत शेतात मेंढरे बसवून लेंडीखताबद्दल धान्य घेत. 1885 साली नीरा डावा कालवा सुरू झाला, 1980 साली उजनी धरण पूर्ण झाले, ऊस वाढला आणि चराईची राने आटली.

आता कागदावरचा शब्द. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत ‘ओरांव, धनगड’ अशी नोंद आहे. हे ‘धनगड’ म्हणजे धनगरच, ‘र’चा ‘ड’ झाला, असे समाजाचे म्हणणे. याच मागणीसाठी 2014 साली बारामतीत उपोषण झाले. मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2024 मध्ये या याचिका फेटाळल्या. राज्यात धनगरांना भटक्या जमाती ‘क’ प्रवर्गात साडेतीन टक्के आरक्षण आहे. निकालावर मत देणे माझ्यासारख्या कारकुनाचे काम नव्हे. पण दाखल्यावरील एका अक्षराने घरातल्या पोराचे काय होते, हे टेबलापलीकडे उभ्या असलेल्या बापाच्या चेहऱ्यावर रोज दिसते.

नीराकाठच्या होळ गावावरून होळकर हे आडनाव पडले. मल्हारराव याच धनगर समाजातले. त्यांच्या सूनबाई अहिल्याबाई यांनी 1780 साली काशी विश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभारले.