अकिहाबारा, १९८७: चष्मा लावेल त्यालाच दिसेल

पैसे आधी मोजून घ्या. हजार येनच्या सहा नोटा, प्रत्येकीवर मिशाळ कादंबरीकार नात्सुमे सोसेकी. वर चिल्लर लागणार नाही. जपानात खरेदीवर तीन टक्के कर लागेल तो एप्रिल १९८९ पासून, आणि तुम्ही उतरताय डिसेंबर १९८७ च्या दुसऱ्या रविवारी. आजच्या मुक्कामापुरतं तुमचं वय बारा आहे. ही सोय मुद्दाम केली आहे, कारण मोठ्या माणसाला खेळण्यातल्या चष्म्याचं खोकं विकत घेताना जरा लाज वाटते.

अकिहाबारा स्टेशन. सरकारी रेल्वे मोडून जेआर झाली त्याला जेमतेम आठ महिने झालेत. पाट्या नव्या, माणसं जुनीच. आत शिरणाऱ्यांची तिकिटं कापणारा कर्मचारी समोर कुणी नसतानाही हातातला चिमटा कटकट वाजवत राहतो. तुम्ही बाहेर पडता ते थेट रुळांखालच्या रेडिओ सेंटरच्या बोळात. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने तिरकं व्हायचं, इतकाच रस्ता. दोन्ही बाजूंना डबीडबीतून रेझिस्टर, कपॅसिटर, जॅक, वायरींची भेंडोळी. मुंबईचा लॅमिंग्टन रोड पाहिलेला माणूस इथे हरवणार नाही.

रविवार असल्याने चुओ-दोरी वाहनांना बंद आहे आणि रस्त्याच्या मधोमध माणसं चालताहेत. एखाद्या मोठ्या दुकानाच्या कॉम्प्युटरच्या मजल्यावर मिनिटभर थांबा. तिथे शार्पचा एक्स६८००० उभा आहे, याच वर्षी आलेला: मधोमध फट ठेवून शेजारी शेजारी उभे केलेले दोन चपटे काळे मनोरे, ६८००० प्रोसेसर, १ एमबी मेमरी, ६५,५३६ रंग, किंमत ३,६९,००० येन. मॉनिटरचे पैसे वेगळे. सोबत मिळणारा ‘ग्रॅडिअस’ हा खेळ चालू आहे आणि पुढे कॉलेजच्या पोरांची गर्दी. त्यांना बघू दे, तुम्ही मागे जा. मागच्या बाजूला, इतर जोडण्यांच्या घोळक्यात, लिक्विड क्रिस्टलचा त्रिमितीय चष्मा जोडायची खास जागा आहे. म्हणजे कुणातरी इंजिनिअरला वाटलं होतं की पुढच्या काळात प्रत्येक घरात हा चष्मा असणारच, तेव्हा भोक आत्ताच पाडून ठेवावं. मला त्या ‘ग्रॅडिअस’पेक्षा या भोकाचं कौतुक जास्त आहे.

पण खिशात सहा हजार आहेत, तेव्हा खेळण्यांच्या मजल्यावर चला. निन्तेंदोचं ‘फॅमिली कॉम्प्युटर थ्रीडी सिस्टीम’ ऑक्टोबरमध्ये बाजारात आलं. खोक्यात एक जाडजूड चष्मा, त्याला वायर, आणि फॅमिकॉमच्या, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायच्या निन्तेंदोच्या मशीनच्या, पुढच्या पंधरा पिनांच्या सॉकेटमध्ये खोचायचा एक अडॅप्टर. खोक्यावरचं चित्र सपाट आहे. दुसरं असणार तरी कसं?

घरी या. कोतात्सूच्या, म्हणजे खाली हीटर असलेल्या बुटक्या टेबलाच्या, रजईखाली पाय घाला. टीव्ही जुना, चॅनेलसाठी खटखट फिरवायचं बटण असलेला. दोनवर आणा, कारण तोक्योत एकवर एनएचके लागतं आणि दोन रिकामा असतो. फॅमिकॉममध्ये ‘हायवे स्टार’ची कॅसेट घाला. ऑगस्टमध्ये आलेला स्क्वेअर कंपनीचा हा मोटारींचा खेळ. प्रोग्रॅम नासिर गेबेली या इराणी-अमेरिकन माणसाचा, संगीत नोबुओ उएमात्सुचं. हीच मंडळी येत्या शुक्रवारी ‘फायनल फँटसी’ नावाचा खेळ काढणार आहेत. तुम्हाला ते माहीत आहे, घरात बाकी कुणाला नाही. गप्प बसा.

गाडी सुटली. समुद्रकाठचा रस्ता, वेग चढत चढत २५५ किलोमीटरला जाऊन थांबतो, कारण आठ बिटांत त्याहून मोठा आकडा मावत नाही. आता सिलेक्ट दाबा.

चित्र बिघडलं. खांबांशेजारी खांब, झाडांशेजारी झाडं, सगळं थरथरतंय. घाबरू नका, चष्मा लावा.

पहिली गोष्ट जाणवते ती अंधार. प्रत्येक काच म्हणजे पोलरॉइडच्या दोन पापुद्र्यांमध्ये लिक्विड क्रिस्टलचा थर. वीज दिली की काच काळी, काढली की उघडी. पोलरॉइड निम्म्याहून जास्त उजेड खातो, आणि वर निम्मा वेळ काच बंदच असते. म्हणून टीव्हीची ब्राइटनेस चढवा. मग थोडा वेळ काहीच होत नाही. आणि मग एकदम, कुणी न सांगता, रस्ता टीव्हीच्या काचेतून आत जातो.

‘छोटा चेतन’ पाहताना थिएटरात मिळालेल्या चष्म्याशी याची गल्लत करू नका. तिथे दोन्ही डोळ्यांची चित्रं पडद्यावर एकाच वेळी असायची आणि चष्मा ती फक्त निवडायचा. इथे पडद्यावर एका वेळी एकच चित्र आहे. टीव्ही सेकंदाला साठ चित्रं काढतो. पहिलं डाव्या डोळ्याचं, दुसरं उजव्याचं, तिसरं पुन्हा डाव्याचं. चित्र बदललं की फॅमिकॉम चष्म्याला इशारा देतो आणि एक काच मिटून दुसरी उघडते. प्रत्येक डोळ्याच्या वाट्याला सेकंदाला तीस. पडद्याच्या पुढे आणायची वस्तू डाव्या डोळ्यासाठी जरा उजवीकडे काढायची आणि उजव्यासाठी जरा डावीकडे. मागे ढकलायची तर उलट. बस्स, एवढंच गणित. पण फॅमिकॉमचं चित्र आडवं २५६ ठिपक्यांचं, आणि वस्तू सरकवायची ती अख्ख्या ठिपक्यानेच. त्यामुळे इथली खोली सलग नाही, थरांची आहे: एक झाड या थरावर, पुढचं त्याच्या मागच्या थरावर, मधे काहीच नाही. अंगावर येणारा खांब सरकत येत नाही, टप्प्याटप्प्याने उडी मारत येतो. मला विचाराल तर मजा तिथेच आहे. मशीन किती कष्टाने खोटं बोलतंय हे दिसतं आणि डोळे तरीही फसतात.

आता मान वर करा. छताला गोल ट्यूबलाइट आहे, ओढायच्या दोरीची. ती चष्म्यातून भराभर धडधडताना दिसेल. तोक्योची वीज ५० सायकलची, म्हणून ट्यूब सेकंदाला शंभरदा उजळते. तीस वेळा उघडणाऱ्या काचेशी तिचा हिशोब जुळत नाही आणि मधे सेकंदाला दहाची एक लहर उठते. पश्चिम जपानात वीज ६० सायकलची. ओसाकातल्या मुलाला हाच चष्मा लावून हीच ट्यूब जवळजवळ स्थिर दिसेल. एकोणिसाव्या शतकात तोक्योने जर्मन जनरेटर घेतले आणि ओसाकाने अमेरिकन, त्याची ही डोकेदुखी. दोरी ओढून ट्यूब बंद करा. (भारतात तर टीव्हीच सेकंदाला पन्नास चित्रांचा होता. डोळ्यामागे पंचवीस. हा चष्मा आपल्याकडे आला नाही ते बरंच झालं.)

हीटरजवळ बसा. हा सल्ला तुमच्यासाठी आहे तसाच चष्म्यासाठीही. थंडीत लिक्विड क्रिस्टल आळसावतं, काच वेळेवर मिटत नाही आणि प्रत्येक खांबामागे त्याची फिकट सावली रेंगाळते.

स्वयंपाकघरातून आई संत्र्यांची टोपली घेऊन येते आणि दारातच थबकते.

“टीव्ही बिघडला का रे?”

“नाही गं आई, थ्रीडी आहे.”

“कुठाय थ्रीडी? दोन-दोन दिसतंय सगळं. डोळे जातील.”

चष्मा काढून तिच्या हातात द्या. ती तो आपल्या नंबरच्या चष्म्यावरच चढवते, हाताने धरून ठेवते, नाक मुरडते. मग तिचं तोंड जरा उघडतं. ती हात पुढे करते, थेट टीव्हीच्या दिशेने, आणि कंट्रोलर तुमच्याकडे असल्याने गाडी झाडावर आपटते. आता बिघडलेला टीव्ही तुमच्या वाट्याला आहे. ती काय बघतेय ते तुम्हाला दिसत नाही, आणि तिला ते सांगताही येत नाही. “अय्या, आत आहे,” एवढंच म्हणते.

या चष्म्याचं घोडं कुठे पेंड खात होतं, ते या दारातच कळतं. डोकं दुखतं, वायर आखूड पडते, खेळ थोडे आहेत, या तक्रारी खऱ्याच आहेत. पण हा माल दाखवताच येत नव्हता, हे खरं दुखणं होतं. दुकानात टीव्हीवर लावून ठेवला तर गिऱ्हाइकाला वाटणार मशीन नादुरुस्त आहे. मासिकात छापला तर सपाट, जाहिरातीत दाखवला तर दुहेरी. शेजारच्या मुलाने खिडकीतून डोकावून हट्ट धरावा, अशी सोयच नाही. खेळणी विकली जातात ती दुसऱ्याच्या हातात बघून.

खेळ थोडे होते ते होतेच. कोनामीचा ‘फाल्शन’ चष्म्याबरोबरच आला. येत्या एप्रिलमध्ये निन्तेंदोचा स्वतःचा ‘थ्रीडी हॉट रॅली’ येईल, १९८९ मध्ये ‘कॉस्मिक एप्सिलॉन’, आणि मग सामसूम. जपानबाहेर हा चष्मा गेलाच नाही. ‘हायवे स्टार’ अमेरिकेत ‘रॅड रेसर’ नावाने विकला गेला तेव्हा बरोबर लाल-निळ्या काचांचा कागदी चष्मा होता. सेगाने असाच लिक्विड क्रिस्टलचा चष्मा काढून परदेशातही विकला. तोही फार टिकला नाही. निन्तेंदोची खोड मात्र गेली नाही: १९९५ मध्ये व्हर्च्युअल बॉय, तेही एकट्यानेच डोळे खुपसून बघायचं, २०११ मध्ये बिनचष्म्याचा थ्रीडीएस, त्यातही खोली दिसायची ती हातात धरणाऱ्यालाच.

परत निघायची वेळ झाली. चष्मा बरोबर आणायचा मोह होईल, पण घरच्या सपाट टीव्हीवर तो चालणार नाही. या जुन्या डब्यात काचेवर रेघ उमटते आणि पुढचं चित्र यायच्या आत विझते. सिग्नल आला त्याच क्षणी चित्र, मधे कुणी नाही. आजचा टीव्ही आलेलं चित्र आधी साठवतो, घासूनपुसून घेतो आणि मग दाखवतो, तोवर चष्म्याची काच पुढे निघून गेलेली असते. पुष्कळ टीव्ही तर फॅमिकॉमची लागोपाठची दोन चित्रं एकाच चित्राचे दोन अर्धे समजून गुंफून टाकतात. डावा आणि उजवा डोळा एकाच पानात. तेव्हा आणायचंच असेल तर आधी टीव्ही आणा. उचलायला दोघं लागतील, आणि इथे प्लग लावण्याआधी ट्रान्सफॉर्मर विसरू नका. जपानी टीव्ही १०० व्होल्टचा असतो.